जुनी फ्युएल कूप वाचायची कशी? १९४९ ते १९६४ च्या ड्रॅग गाड्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक

जुन्या अमेरिकन ड्रॅग रेसिंगचे, म्हणजे सरळ पट्टीवर पाव मैल पळण्याच्या शर्यतींचे, कृष्णधवल फोटो इंटरनेटवर ढिगाने सापडतात. मडगार्ड नसलेली, छत कापून बुटकी केलेली एखादी फोर्ड, बोनेटच्या जागी उघडं इंजिन, शेजारी टी-शर्टातली चार पोरं आणि खाली मथळा: ‘फ्युएल कूप, साधारण १९५५’. बऱ्याचदा त्यातलं ‘साधारण’ तेवढंच खरं असतं. कुणी पेट्रोलवरच्या गाडीला फ्युएल म्हणून टाकतं, कुणी साठच्या दशकातली गाडी दहा वर्षं मागे ढकलतं, आणि मग तोच मथळा सगळीकडे चिकटत जातो.

फोटोवरून गाडीचा काळ ठरवायचा असेल, १/२५ मापाचं मॉडेल नीट बांधायचं असेल किंवा कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डजवळच्या फमोसो पट्टीवर अशा गाड्या प्रत्यक्ष बघायला जायचं असेल, तर ही पद्धत उपयोगी पडेल. माझा आग्रह एकच आहे. गाडी रंगावरून किंवा आकारावरून वाचायला घेऊ नका. टाकीत काय आहे इथून सुरुवात करा. ते एकदा ठरलं की इंजिन, टाकी, क्लच, टायर, अगदी काचा का काढल्या तेही आपोआप उलगडतं.

आधी इंधन

ड्रॅग रेसिंगमध्ये पेट्रोलवर पळणारी गाडी ‘गॅस’ वर्गात बसते. मिथेनॉल आणि नायट्रोमिथेन यांच्या मिश्रणावर पळणारी ‘फ्युएल’.

नायट्रोमिथेन हे तसं कमी ताकदीचं इंधन. एक किलो पेट्रोल जाळलं तर सुमारे ४४ मेगाज्यूल ऊर्जा मिळते, एक किलो नायट्रोतून जेमतेम ११. मग त्याचा एवढा दबदबा कशासाठी? कारण त्याच्या रेणूतच ऑक्सिजन आहे. जेवणाचा डबा घरून घेऊन आलेल्या माणसाला कँटीनच्या रांगेत थांबावं लागत नाही, तसं. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला जवळपास १४.७ किलो हवा लागते, मिथेनॉलला साडेसहाच्या आसपास आणि नायट्रोला फक्त १.७. इंजिनात प्रत्येक फेऱ्याला ठरावीकच हवा शिरते. तेवढ्याच हवेत नायट्रो कितीतरी जास्त ओतता येतं, आणि हिशेब केला तर तेवढ्याच हवेतून पेट्रोलच्या दुपटीहून अधिक ऊर्जा निघते.

यातून दोन गोष्टी निघतात आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यांच्यावरच उभ्या आहेत. पहिली: इंधन प्रचंड लागतं, त्यामुळे ते पोचवणारी यंत्रणा मोठी, उघडी आणि ओळखू येण्याजोगी असते. दुसरी: ज्या इंजिनाला श्वास घ्यायला त्रास होतो, त्याला नायट्रोचा फायदा सर्वांत जास्त. हे विसरू नका, फोर्डच्या फ्लॅटहेडपाशी पुन्हा लागेल.

मिश्रणातली टक्केवारी पिटमध्ये हायड्रोमीटरने बघतात, आणि ते बघण्यासारखं असतं. मिथेनॉलची घनता ०.७९ च्या आसपास, नायट्रोची १.१४. म्हणजे नायट्रो दर दहा टक्क्यांनी वाढलं की काचेच्या नळीतला आकडा साधारण ०.०३५ ने वर सरकतो. ०.८६ दिसलं तर सुमारे २० टक्के, ०.९६५ दिसलं तर निम्मं-निम्मं. सोबत थर्मामीटर हवाच, कारण द्रव तापला की हलका होतो. तापमानात दहा अंशांचा फरक पडला तर टक्केवारीत तीनेकचा घोळ होतो. सकाळच्या गारव्यात मोजलेलं मिश्रण भर दुपारी पुन्हा मोजतात ते याचसाठी. आपल्याकडे नायट्रोवरच्या रिमोटच्या गाड्या किंवा विमानं उडवणाऱ्यांना हे रसायन ओळखीचं असेल, फक्त त्यांच्या बाटलीत वंगण आधीच मिसळलेलं असतं.

पायरी १: बॉडी ओळखा, पण तिथे रेंगाळू नका

कूप म्हणजे दोन दारांची, पक्क्या छताची गाडी. सुरुवातीच्या फ्युएल कूपांमध्ये तीन-चार बॉड्याच पुन्हा पुन्हा भेटतात.

१९२८ ते १९३१ ची फोर्ड मॉडेल ए: उभी, चौकोनी, छोटीशी. १९३२ ची फोर्ड: ग्रिल सरळ उभी, चेसिसची बाजू उघडी आणि तिच्यावर उमटवलेली रेघ. १९३३-३४ ची फोर्ड: ग्रिल मागे झुकलेली, नाक लांब, चाकांमधलं अंतर ११२ इंच. ३२ चं अंतर १०६ इंच, त्यामुळे बाजूने घेतलेल्या फोटोत ३४ लगेच लांब वाटते. खिडक्या मोजा. दोन दारांच्या आणि एक मागची, अशा तीन असतील तर ‘थ्री-विंडो’. दारांच्या मागे आणखी एकेक असेल तर ‘फाइव्ह-विंडो’. ३२ च्या थ्री-विंडोचं दार मागच्या बाजूला बिजागरीवर असतं, फाइव्ह-विंडोचं नेहमीसारखं पुढे. ३३-३४ मध्ये दोन्हींची दारं उलटीच उघडतात.

चौथी बॉडी इटलीची, फिआट ५०० टोपोलिनो. हे एवढंसं खेळणं हॉट रॉडवाल्यांनी (जुन्या गाड्या वेगासाठी बदलणाऱ्यांनी) उचललं, कारण बॉडी हलकी, समोरून हवेला अडवणारं क्षेत्र छोटं आणि खाली हवी तशी नळ्यांची चेसिस घालता येते. मूळ फिआटचं त्यात पत्र्यापलीकडे काही उरत नसे.

मग कापाकापी बघा. खांब कापून छत खाली आणलं असेल तर त्याला चॉप म्हणतात. बॉडीचा तळ कापून ती चेसिसवर खाली बसवली असेल तर चॅनल. हा वारसा बराचसा कॅलिफोर्नियाच्या कोरड्या तळ्यांवरच्या वेगचाचण्यांमधून आला. तिथल्या एससीटीए संघटनेत आधी रोडस्टरचंच, म्हणजे बिनछताच्या उघड्या गाड्यांचंच, राज्य होतं. कूपवाल्यांना रुसेटा टायमिंग असोसिएशनने जागा दिली, आणि पिअर्सन बंधूंच्या १९३४ च्या कूपसारख्या बंदुकीच्या गोळीगत कापलेल्या गाड्या तिथेच घडल्या. त्यामुळे खूप कापलेलं छत म्हणजे ड्रॅगची गाडी असं समजू नका. ती तळ्यावरची असू शकते, दोन्हीकडे पळणारीही असू शकते. पाव मैलात कापलेल्या छताचा फायदा मर्यादितच. उघड्या रोडस्टरपेक्षा कूप जड, तरी ती टिकली याचं कारण वर्गवारी. स्वतःचा वर्ग होता म्हणून तिच्यात पैसे घालणारे होते.

पायरी २: गॅसर वेगळी काढा

सर्वांत जास्त गल्लत इथेच होते. १९४१ ची विलीज किंवा ३० च्या दशकातली फोर्ड पेट्रोल वर्गात पळायची, तिला गॅसर म्हणतात. तिचं पुढचं अंग उंच, मडगार्ड जागेवर, दिवे जागेवर, आतली बैठक ओळखू येण्यासारखी, कारण ती रस्त्यावरची गाडी असल्याचा आव नियमांनीच राखायला लावला होता. गॅस वर्गात इंजिन मागे सरकवायला चाकांमधल्या अंतराच्या १० टक्के एवढीच मुभा असे. ऑल्टर्ड, म्हणजे जास्त फेरफार केलेल्या गाड्यांच्या वर्गात २५ टक्के. फक्त शर्यतीसाठी बांधलेल्या कॉम्पिटिशन कूपमध्ये तर इंजिन पार डॅशबोर्डच्या जागी आणि चालक मागच्या अॅक्सलला टेकलेला.

तेव्हा फोटोत एक गोष्ट बघा: इंजिनाचा पुढचा भाग पुढच्या चाकांच्या मध्यरेषेपासून किती मागे आहे? जेवढा मागे, तेवढी ती गॅसर असण्याची शक्यता कमी. दारावर ‘जी’ अक्षर दिसलं तर प्रश्नच मिटला. ‘एफ’ दिसलं तर पुढे चला. आणखी एक खाचखळगा सांगून ठेवतो: साठच्या दशकाच्या मध्यापासून कॅलिफोर्नियात फनी कारनाही सर्रास ‘फ्युएल कूप’ म्हणत. त्या फायबरच्या, नव्या मॉडेलच्या बॉडीच्या गाड्या. आपला विषय त्यांच्या आधीचा.

पायरी ३: इंजिन

इथे वेळ घाला. बॉडी हातोहात फिरत, इंजिन मात्र काळ सांगतं.

एका बाजूचे एक्झॉस्ट पाइप मोजा. तीन असतील तर फोर्ड किंवा मर्क्युरीचा फ्लॅटहेड व्ही-८. त्याच्या मधल्या दोन सिलिंडरांचा धूर एकाच वाटेने बाहेर पडतो, म्हणून चार सिलिंडरांना तीन तोंडं. चार असतील तर वरच्या व्हॉल्व्हचं इंजिन: कॅडिलॅक, ओल्ड्समोबिल, क्रायस्लर किंवा १९५५ पासूनची शेव्हरोले.

फ्लॅटहेडच्या वर व्हॉल्व्हचं झाकण नसतं. सपाट हेड, त्यावर नटांची गर्दी, वरूनच घुसलेले प्लग. हेडवर एडलब्रॉक, ऑफेनहॉसर, नवारो, वायंड अशी बनवणाऱ्यांची नावं ओतलेली दिसतात. हेडमधून पाणी बाहेर पडायची नळी मध्यभागी असेल तर हेड १९३८ ते ४८ च्या घराण्यातलं, पुढच्या टोकाला असेल तर १९४९ ते ५३. १९३२ मध्ये हे इंजिन २२१ घनइंचांचं होतं. मर्क्युरीचं १९३९ पासून २३९, आणि १९४९ पासून २५५. सिलिंडर ३ ३/८ इंचांपर्यंत पोखरून ४ १/८ इंच स्ट्रोकचा क्रँक घातला की २९६ घनइंच होत, आणि हा आकडा तेव्हाच्या गाड्यांत वारंवार दिसतो.

फ्लॅटहेडची गोची अशी की हवा आत जायची आणि धूर बाहेर यायचा रस्ता ब्लॉकमधूनच वळणं घेत जातो. इंजिन गुदमरतं, वर तापतंही. अशा इंजिनाला सोबत ऑक्सिजन आणणारं इंधन दिलं तर त्याचं सर्वांत मोठं दुखणंच हलकं होतं. म्हणून नवी, सरस इंजिनं बाजारात आल्यावरही जॅझी नेल्सनचा फ्लॅटहेडवाला टोपोलिनो पन्नासच्या दशकाच्या मध्यात भल्याभल्यांना घाम फोडत होता. सुपरचार्जर (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा ब्लोअर) नाही, नायट्रो मात्र सढळ हाताने. मला विचाराल तर या काळातली सर्वांत हुशार गाडी तीच.

चार पाइप आणि वर भलं रुंद झाकण, झाकणाच्या मधोमध प्लगची चार भोकं एका रांगेत: ही क्रायस्लर हेमी. १९५१ ला ३३१ घनइंच, १९५६ ला ३५४, १९५७-५८ ला ३९२. अर्धगोल ज्वलनकक्ष, मोठे व्हॉल्व्ह, भक्कम ब्लॉक. नायट्रोचा मार सोसायला याच्याइतकं लायक इंजिन तेव्हा बाजारात दुसरं नव्हतं. फोटोत ३५४ की ३९२ हे बाहेरून सांगणं अवघड आहे, त्यामुळे मथळ्यात कुणी छातीठोकपणे लिहिलं असेल तर पुरावा मागा.

पायरी ४: हवा आणि इंधन आत कसं जातं

इंजिनाच्या वर बघा. दोन, तीन किंवा चार छोटे कार्ब्युरेटर ओळीत असतील तर बहुधा स्ट्रॉम्बर्ग ९७. हे पेट्रोलसाठी बनवलेले. फ्युएलसाठी त्यांचे जेट आणि आतल्या वाटा पोखरून मोठ्या करत, तरी मर्यादा लवकर येई, कारण नायट्रोला पेट्रोलच्या आठपटींच्या घरात इंधन ओतावं लागतं.

वर उभ्या नळकांड्यांची रांग दिसली तर हिलबॉर्नचं इंजेक्शन. स्टुअर्ट हिलबॉर्नने ते कोरड्या तळ्यांवर सिद्ध केलं. १९४८ मध्ये त्याच्या स्ट्रीमलायनरने ताशी १५० मैलांचा टप्पा ओलांडला. यंत्रणा साधी आहे. इंजिनावर फिरणारा पंप सतत इंधन ढकलतो, थ्रॉटलला जोडलेला एक फिरता व्हॉल्व्ह किती आत सोडायचं ते ठरवतो, उरलेलं एका छोट्या छिद्राच्या चकतीतून टाकीकडे परत जातं. हवामान बदललं की मेकॅनिक तेवढी चकती बदलतो. म्हणजे टाकीकडे जाणारी एकच नळी आहे की दोन, हे फोटोत शोधा. परतीची नळी दिसली तर इंजेक्शन असण्याला बळकटी मिळते.

सुपरचार्जर असेल तर तो जवळजवळ नेहमी जीएमसीचा. मूळचा डिट्रॉइट डिझेलच्या ट्रक-बसच्या इंजिनाचा ब्लोअर. ४-७१ म्हणजे चार सिलिंडरांच्या इंजिनाचा, ६-७१ म्हणजे सहाच्या; ७१ हे एका सिलिंडरचे घनइंच. बार्नी नवारोने चाळीसच्या दशकातच फ्लॅटहेडवर ३-७१ चढवून दाखवला होता. ब्लोअर फिरवतो कोण तेही बघा. इंग्रजी व्ही आकाराचे शेजारी-शेजारी तीन-चार पट्टे असतील तर जुनी मांडणी. दातेरी रुंद पट्टा पन्नासच्या दशकाच्या शेवटी रूढ झाला. काही गाड्यांत ब्लोअर वर नसतोच. क्रँकच्या पुढच्या टोकाला, खाली, थेट जोडलेला असतो. ही पॉटव्हिनची मांडणी. असा फोटो मिळाला तर मोठा करून ठेवा, कारण मॉडेलवाले नेमके इथे चुकतात.

टाकी सहसा पुढे असते, रेडिएटरच्या जागी किंवा त्याच्या पुढे. मून कंपनीची गोल अॅल्युमिनियमची छोटी टाकी हे त्या काळाचं ठसठशीत चिन्ह. पाव मैल पळायला रेडिएटर कशाला, असं म्हणून पुष्कळांनी तो काढूनच टाकला. मिथेनॉल आत जाताना इंजिनाला थंड करतंच. त्यामुळे ग्रिलच्या मागे काय आहे ते बघायचं. जाळी असेल तर रेडिएटर, चकचकीत गोलाई असेल तर टाकी.

शेवटी एक्झॉस्टचं तोंड. खाली आणि मागे वळलेले पाइप जुने. वर आणि मागे वळून चाकांवरून धूर फेकणारे ‘झूमी’ साधारण १९६३-६४ नंतरचे. १९५८ चा म्हणून दिलेल्या फोटोत झूमी दिसले तर एक तर तारीख चुकली आहे किंवा गाडी नंतर दुरुस्त केलेली आहे.

पायरी ५: टायर आणि मागचं अंग

सुरुवातीचे स्लिक म्हणजे रिमोल्ड केलेले अरुंद, गुळगुळीत टायर. पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात मॅसॅच्युसेट्सच्या एम अँड एच कंपनीचे खास ड्रॅगसाठीचे मऊ, रुंद टायर आले. बाजूच्या भिंतीवर नाव वाचता आलं तर तारखेची खालची मर्यादा ठरते. मागच्या अॅक्सलच्या मागे झाकण आणि त्यावर नटांचं वर्तुळ दिसलं तर ती हॅलिब्रँडची क्विक-चेंज. दोन गिअर काढून दुसरे घातले की दहा मिनिटांत गुणोत्तर बदलतं. गिअरबॉक्स फोटोत दिसत नाही, त्याच्या मागे लागू नका.

पायरी ६: चालकाभोवती काय आहे

डोक्यावर नळीची एकच कमान, विमानाच्या सरप्लसमधली सीट आणि पट्टा, चामड्याचं जाकीट: पन्नासच्या दशकाची पहिली वर्षं. चंदेरी आगरोधक पोशाख, तोंडावर मुखवटा, मागे पॅराशूटची पिशवी: १९६० च्या आसपास किंवा नंतर. मुखवटा शोभेला नाही. नायट्रोच्या धुरात नायट्रिक आम्लाची वाफ असते, आणि बंद कूपमध्ये चालक अक्षरशः त्या वाफेत बसलेला असतो. खिडक्यांच्या काचा नसण्याचं एक कारण वजन, दुसरं हे.

क्लचच्या भोवती जाड पोलादी कवच आहे का तेही तपासा. तेव्हाच्या फ्लायव्हीलचे फुटून तुकडे उडत, आणि ते चालकाच्या पायांच्या पातळीवर. आगीचं भय तर कायमचं. सो-कॅल स्पीड शॉपची १९३४ ची कूप त्या काळातली नावाजलेली गाडी. १९५४ मध्ये पोमोनाला तिच्यात लागलेल्या आगीत चालक डेव्ह डिलँग्टन भाजला आणि त्यातच त्याचा मृत्यू झाला. सुरक्षेची साधनं फोटोंमध्ये वर्षागणिक वाढत जातात, त्यामागे असे अपघात आहेत.

पायरी ७: गाडीमागचं दृश्य

सुरुवातीच्या रेषेवर झेंडेवाला उडी मारताना दिसला तर फोटो बहुधा १९६३ च्या आधीचा. रंगीत दिव्यांचा खांब, ज्याला ख्रिसमस ट्री म्हणतात, असेल तर १९६३ किंवा नंतरचा. पट्टी ओळखता आली तर आणखी सोपं. सांता आना १९५० ते १९५९, विमानतळाच्या धावपट्टीवर. लायन्स १९५५ ते १९७२. धावपट्टीवर शर्यत ही कल्पना आपल्याकडेही पोचली आहे. लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या हवाईपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या आहेत, अर्थात नायट्रोविना.

एक मोठा धागा मात्र लक्षात ठेवावाच लागतो. फेब्रुवारी १९५७ मध्ये एमरी कुकने लायन्सवर कुक-बेडवेल ड्रॅगस्टर ताशी १६६.९७ मैलांनी पळवली. वेग हाताबाहेर चालला म्हणून दक्षिण कॅलिफोर्नियातल्या अनेक पट्ट्यांनी फ्युएल बंद केलं आणि त्याच वर्षी एनएचआरए या ड्रॅग रेसिंगच्या राष्ट्रीय संघटनेनेही बंदी घातली. १९६३ च्या पोमोनाच्या विंटरनॅशनल्सला, म्हणजे एनएचआरएच्याच राष्ट्रीय स्पर्धेला, फ्युएल गाड्या परतल्या. मधल्या काळात नायट्रो संपलं नव्हतं. स्वतंत्र पट्ट्यांवर ते चालूच होतं, आणि बेकर्सफील्डच्या स्मोकर्स क्लबने १९५९ च्या मार्चमध्ये फमोसोला थेट फ्युएल-गॅसची जंगी स्पर्धा भरवली. तेव्हा १९५७ ते ६२ मधला, एनएचआरएच्या राष्ट्रीय स्पर्धेतला फोटो ‘फ्युएल कूप’ म्हणून कुणी दाखवला तर शंका घ्या. फमोसोचा असेल तर विश्वास ठेवायला हरकत नाही.

दोन गाड्यांवर हात बसवू

पहिली, फ्रॅन हर्नांडेझची १९३२ ची थ्री-विंडो. १९४९ मध्ये सांता बार्बराजवळच्या गोलेटाला तिची टॉम कॉब्जच्या रोडस्टरशी शर्यत झाली, आणि ती ड्रॅग रेसिंगच्या आरंभाच्या गोष्टींमध्ये सांगितली जाते. पायऱ्या लावा. बॉडी उभ्या ग्रिलची, बाजूला एकच खिडकी. मडगार्ड नाहीत. इंजिन मर्क्युरी फ्लॅटहेड, म्हणजे तीन पाइप. सुपरचार्जर नाही. उलट कॉब्जच्या इंजिनावर जीएमसीचा ब्लोअर होता, त्यामुळे कागदावर कॉब्ज भारी. जिंकला हर्नांडेझ, कारण तो एडलब्रॉककडे कामाला होता आणि टाकीत नायट्रो होतं. बाहेरून ही गाडी जवळजवळ साधी हॉट रॉडच दिसते. सर्वांत जुन्या फ्युएल कूपांची हीच अडचण आहे: पुरावा टाकीत असतो, पत्र्यावर नसतो. म्हणून १९५२ च्या आधीच्या गाडीबद्दल फोटोवरून ‘फ्युएल’ असं ठामपणे लिहू नका. लेखी आधार असेल तरच लिहा.

दुसरी, मूनीहॅम आणि शार्प यांची ५५४ क्रमांकाची १९३४ ची फाइव्ह-विंडो, चालक लॅरी फाउस्ट. इथे सगळं ओरडून सांगितलंय. चार पाइप, रुंद झाकणं, वर जीएमसीचा ब्लोअर, त्यावर इंजेक्शनचं तोंड, इंजिन मागे ढकललेलं. ही गाडी पुन्हा उभी करून कार्यक्रमांतून चालू केली जाते, त्यामुळे तिचे जुने आणि नवे असे दोन्ही फोटो मिळतात. दोन्ही शेजारी ठेवून नळ्या, पट्टे, टायर यांतले फरक शोधणं हा उत्तम सराव आहे.

चालू इंजिनासमोर

फमोसोला हॉट रॉड रियुनियन या जुन्या गाड्यांच्या मेळाव्याच्या वेळी जुन्या फ्युएल गाड्या ढकलून चालू करतात. त्या सोहळ्याला कॅकलफेस्ट म्हणतात, २००० साली सुरू झाला. लॉस एंजेलिस किंवा बे एरियातल्या मराठी मंडळींना गाडीने जाऊन बघता येण्यासारखा आहे. तारखा मात्र निघण्याआधी तपासा.

क्रम असा दिसतो. मागची गाडी ढकलते. चालक गिअरमध्ये ठेवून क्लच सोडतो, इंजिन नुसतं फिरू लागतं. तेलाचा दाब चढला की इंधन उघडतो, ठिणगी देणारा मॅग्नेटो चालू करतो. एक-दोन सिलिंडर खोकतात आणि मग सगळे एकदम लागतात. संध्याकाळी पाइपांच्या तोंडाशी जाळ दिसतो, ते आत जळायचं राहिलेलं इंधन बाहेरच्या हवेत पेटलेलं असतं. बंद करताना इंधनाचा व्हॉल्व्ह आधी मिटतात.

कानात बोळे घाला आणि वर इअरमफही लावा, एकाने भागत नाही. चष्मा हवा. वाऱ्याची दिशा बघून उभे राहा, डोळे झोंबायला लागले तर बाजूला व्हा. क्लच आणि ब्लोअर यांच्या थेट रेषेत, गाडीच्या कुशीला उभं राहू नका; काही फुटलं तर तुकडे आडवे उडतात. गाडीच्या पुढे किंवा मागे तर मुळीच नाही. लहान मुलं असतील तर स्टँडमध्येच थांबा.

इंजिन बंद झाल्यावरही बघत राहा, निम्मे लोक तेव्हा निघून जातात. प्लग काढून इंजिन हाताने फिरवतील. सिलिंडरमध्ये इंधन साचलं असेल तर ते दाबलं जात नाही, आणि तसंच स्टार्ट केलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. मग तेल काढतील. पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली उतरलेल्या इंधनाने ते बिघडलेलं असतं, ठेवून चालत नाही.

अस्सल की नवी बांधलेली

बॉडी पोलादाची की फायबरची, हे लोहचुंबकाने कळतं. मालकाला विचारल्याशिवाय लावू नका. शिवाय फायबर निघालं म्हणून लगेच नकली ठरवू नका. टोपोलिनोच्या फायबर बॉड्या साठच्या दशकातच मिळत होत्या. सीटचे पट्टे नवेकोरे आणि तारखेचा शिक्का असलेले दिसतील, तेही संशयाचं कारण नाही, कारण सुरक्षेचे नियम आजचे लागतात. संशय घ्यायचा तो जुन्या खुणा अजिबात नसल्या तर. साठ-सत्तर वर्षांच्या चेसिसवर बुजवलेली भोकं, बदललेल्या मोटर-माउंटच्या जागा, एकावर एक वेल्डिंगचे थर असायला हवेत. सगळं गुळगुळीत आणि पावडर-कोट केलेलं असेल तर खाली काय आहे ते कुणालाच दिसत नाही.

मालकाशी बोलायची संधी मिळाली तर टक्केवारी किंवा किंमत आधी विचारू नका. ‘चेसिस कुणी बांधली?’ इथून सुरू करा, मग ‘गाडी मिळाली तेव्हा तिच्यात कुठलं इंजिन होतं?’ आणि मग ‘जुने फोटो आहेत का?’. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण ट्रेलरमधून फाईल काढतात. त्यातला प्रत्येक फोटो पालथा करून मागे काय लिहिलंय ते परवानगीने वाचा, आणि जमलं तर दोन्ही बाजूंचे फोटो काढून घ्या.